देऊमधला ऊ

आभादी दाराला आतून कडी लावत नाहीत, ही एक गोष्ट गुरुवारपासून मंदाकिनीच्या डोक्यातून जात नव्हती. भाजी चिरताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, बालीगंजच्या बाजारात परवल हातात घेऊन उभं असताना मध्येच ते दार डोळ्यांपुढे यायचं. खिदिरपूरच्या गल्लीतलं, हिरव्या रंगाचं, दोन फळ्यांचं. सकाळी सातला उघडायचं ते रात्रीची जेवणं होईपर्यंत नुसतं लोटलेलं असायचं. कुणीही ढकलावं आणि आत जावं. माणूस पार खोलीच्या मध्यापर्यंत आला की मग आभादी चष्म्यावरून बघायच्या, कोण आहे ते. बंगाली माणूस दारामागून आधी ‘के?’, म्हणजे कोण, म्हणून विचारतो. आभादींनी ते विचारलेलं मंदाकिनीने सव्वीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

आणि गुरुवारी आठच्या बातम्यांत साऱ्या देशाने आभादींचा चेहरा पाहिला होता. अर्ध्या पडद्यावर त्या, अर्ध्यावर तावातावाने बोलणारा निवेदक आणि खाली लाल पट्टीवर हिंदीत लिहिलेलं, ‘उनके बच्चों को सजा हम ही देंगे’. त्याखाली बारीक अक्षरांत, कोलकात्यातल्या शिक्षिकेची धमकी. बाईंच्या तोंडची बंगाली वाक्यं ऐकूच येत नव्हती. त्यांचा आवाज बारीक करून वर निवेदकाचा आवाज लावला होता. शिवाय गल्ली दाखवली होती, हिरवं दार दाखवलं होतं, दारावरची पाटीसुद्धा दाखवली होती.

आता ते दार ढकलायला कुणालाही पत्ता विचारावा लागणार नव्हता.

*

आभा सान्याल एकोणसत्तर वर्षांच्या. वडील बंदरात क्रेन चालवायचे. त्यांच्या डब्यातला भात उरायचा तो खाऊन आपण मोठ्या झालो, असं त्या सांगतात. ते कितपत खरं आणि कितपत मुलांना डबा संपवायला लावण्यासाठी, हे कुणाला कळलेलं नाही. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “पहिलीचा वर्ग सोडवत नव्हता.” निवृत्त झाल्यावर तळमजल्याच्या दोन खोल्यांत त्यांनी गोदीतल्या कामगारांच्या मुलांसाठी वर्ग काढला. गुरुवारपर्यंत एकेचाळीस मुलं होती. वर्गाची घंटा म्हणजे मोडीत काढलेल्या कुठल्याशा जहाजावरची पितळी घंटा. तिच्यावरचं जहाजाचं नाव अर्धं झिजलंय, आणि उरलेलं अर्धं काय असेल याचे अंदाज बांधण्यात पहिला आठवडा जातो. लिहायला कागद म्हणजे जहाजांच्या मालाच्या जुन्या याद्या, एका बाजूने कोऱ्या. मंदाकिनीचा नवरा श्रीधर बंदरातल्या एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात काम करतो. महिन्यातून एकदा तो हे गठ्ठे पोचवतो.

त्यांचा शुक्रवारचा तास मात्र साऱ्या गल्लीत प्रसिद्ध. त्या दिवशी तीन वर्तमानपत्रं यायची. एक एका पक्षाकडे झुकलेलं, दुसरं दुसऱ्याकडे, तिसरं जिकडे वारा असेल तिकडे. तिघांमधली एकच बातमी काढायची आणि मुलांनी लाल पेन्सिलीने क्रियापदं अधोरेखित करायची, निळीने माणसांची नावं.

“बघा रे,” आभादी म्हणायच्या, “इथे ‘जमाव’ आहे आणि इथे ‘नागरिक’. माणसं तीच, रस्ता तोच. इथे एक माणूस ‘मेला’. इथे त्याला ‘मारलं’. सांगा, लाठी कुणाच्या हातात होती?”

“बातमीत नाहीये, दीदीमणी.”

“नाहीये ना? मग ते नाही म्हणून वहीत लिहा.”

दहा-अकरा वर्षांची पोरं वहीत लिहायची, लाठी कुणाच्या हातात होती ते दिलेलं नाही.

मंदाकिनीने हा तास कितीदा तरी पायरीवर बसून ऐकला होता. सव्वीस वर्षांपूर्वी मिरजेहून लग्न करून ती आली तेव्हा फणसळकरांचं बिऱ्हाड आभादींच्या डोक्यावरच्या मजल्यावर होतं. श्रीधरचे आजोबा इकडे आलेले. तो इथेच जन्मलेला, बंगाली त्याला पाण्यासारखं यायचं. हिच्याकडे मराठी घेऊन बी. ए. झाल्याचं प्रमाणपत्र आणि बंगालीचा एक शब्द नाही. पहिल्याच दुपारी आभादींनी तिला जिन्यात गाठलं. नव्या मुलीला निदान संस्कृत शब्द तरी कळतील म्हणून मुद्दाम जड, पुस्तकी बंगालीत म्हणाल्या, “काल थेके तोमाके शिक्खा देबो.”

मंदाकिनी धावत वर गेली आणि तिने दार लावून घेतलं. संध्याकाळी श्रीधर आल्यावर रडवेली होऊन म्हणाली, “खालच्या बाई उद्यापासून मला शिक्षा देणार म्हणतात. मी काय केलं हो त्यांचं?”

श्रीधर जिन्यात बसून हसला. मग खाली जाऊन त्याने आभादींना सांगितलं, की आमच्याकडे शिक्षा म्हणजे मार, दंड, तुरुंग. आभादी त्याच्याहून जास्त हसल्या. तेव्हापासून ते दोघींचं आपलं होऊन बसलं. पुढे फणसळकर बालीगंजला राहायला गेले तरी फोनवर आभादींचं पहिलं वाक्य ठरलेलं. “काय मंदा, आज किती शिक्खा झाली?”

म्हणूनच मंदाकिनीला स्वतःची लाज वाटत होती. शिक्षेची ती ओळ वाचून जिने दचकायला हवं होतं अशी कोलकात्यात एकच बाई होती, आणि ती दचकली नव्हती.

*

मंदाकिनीचा मुलगा क्षितिज पंचवीस वर्षांचा आहे आणि आभादींना दाखवणाऱ्या त्याच मोठ्या चॅनेलच्या कोलकात्याच्या ऑफिसात वर्षाच्या करारावर भाषांतराचं काम करतो. निवडणुका जवळ आल्या की बातमीदार दिवसभर गल्लीबोळांतून लोकांची वाक्यं गोळा करतात, कुणीतरी ती टाइप करून ग्रुपवर टाकतं आणि क्षितिजने ती मराठीत करून मुंबईच्या मराठी डेस्कला पाठवायची. नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. नुसत्या ओळी. दिवसाला तीस, कधी चाळीस.

मराठी त्याचं इथल्या मुलांसारखं. बंगालीसारखा चहाही खायचा आणि पाणीही खायचं. पुण्याची चुलतभावंडं सुट्टीत त्याच्याकडून मुद्दाम बोलवून घ्यायची आणि पोट धरून हसायची. लिहिताना ‘देवू’, ‘जावू’. म्हणून तो ओळी मुंबईला धाडण्याआधी आईला पाठवायचा. आई, हे बरोबर आहे का? मंदाकिनीला ते फार आवडायचं. बी. ए.चा उपयोग होण्याची इतक्या वर्षांतली ती पहिलीच वेळ.

गुरुवारी दुपारी पाऊण वाजता सात ओळी आल्या. तेच चॅनेल समोर चालू होतं, गॅसवर आमटी होती. तिसरी ओळ अशी, ‘त्यांच्या मुलांना आम्हीच शिक्षा देवू.’

तिने उत्तर लिहिलं, ‘३. देवू नाही, देऊ. बाकी छान.’

कुणाचं वाक्य आहे, कुणाच्या मुलांबद्दल, हे तिच्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं. तिला वाटलं होतं, असलेच आहेत ते लोक. त्या पक्षाचे. वर्षभर रोज आठ वाजता ती हेच ऐकत आली होती, त्यामुळे ती ओळ तिला ओळखीची वाटली. आणि मराठी म्हणून ती अगदी शुद्ध होती.

आठ वाजता पडद्यावर आभादी दिसल्या तेव्हा हातातला वाडगा तिने खाली ठेवला. बराच वेळ तो टीपॉयवर नसून जमिनीवर आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही.

*

शनिवारी ती बस पकडून खिदिरपूरला गेली. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर टीव्ही होता, आवाज बंद. समोरच्या भिंतीला टेकून एक मोटारसायकल उभी होती आणि तिच्यावर दोघं बसले होते, मोबाइलमध्ये बघत. मंदाकिनी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा एकानेही मान वर केली नाही. तेवढ्याने तिचे पाय हलके झाले.

तिने सवयीने दार ढकललं. दार हललं नाही.

तिला वाटलं पावसाने फुगलं असेल. पुन्हा ढकललं. आतून आवाज आला, “के?”

दोन दिवस ज्या कडीसाठी मंदाकिनी देवाला हात जोडत होती ती लागलेली होती, आणि आता तिला त्या उघड्या दाराहून जास्त भीती वाटली.

“मी, आभादी. मंदा.”

“कोण मंदा?”

“बालीगंजची हो. तुमची मंदा.”

कडी निघाली. आभादी नेहमीसारख्याच होत्या. पांढरी साडी, काठ निळा, केसांत खोचलेली पेन्सिल. फक्त दार लावून घेताना त्यांनी कडी दोनदा हलवून पाहिली.

आत नऊ मुलं बसली होती.

“एकेचाळीसची नऊ झालीत,” आभादी म्हणाल्या. “बरं आहे. प्रत्येकाचं नाक पुसलंय की नाही ते बघता येतं.”

“आभादी, बाहेर ते दोघं कोण आहेत?”

“ते मला कळलं नाही अजून. काल आणखी दोघं होते. त्यांतला एक आत येऊन मावशीचं नातं लावून म्हणाला, माशीमा, आम्ही तुमच्या रक्षणाला आहोत. दुसरा काहीच बोलला नाही. मला पहिल्याचीच जास्त भीती वाटली.”

मुलांना पाढे लिहायला लावून त्या तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. चहा टाकला आणि पाठमोऱ्या उभ्या राहून सांगू लागल्या. पलीकडच्या वस्तीतली शाळा मतदानाच्या बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांना राहायला दिली होती. तिथली मुलं घरी बसली. वस्ती एका पक्षाची, ही गल्ली दुसऱ्या पक्षाची, आणि महिन्यापूर्वी दोघांत दगडफेक झालेली. बातमीदार मुलीने विचारलं, त्या लोकांच्या मुलांचं काय? आभादी म्हणाल्या होत्या, “ओदेर छेलेमेयेदेर आमराइ शिक्खा देबो. दरजा तो खोलाइ आछे.”

“दोन वाक्यं होती, मंदा. त्यांच्या मुलांना आम्हीच शिकवू. दार तर उघडंच आहे. दुसरं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. दुसरं ठेवलं असतं तर पहिल्याचा असा अर्थ लावताच आला नसता. धमकी देणारा माणूस दार उघडं ठेवतो का?” त्यांनी चहा गाळला. “आता वस्तीवाल्यांना वाटतंय मी त्यांच्या पोरांना मारणार, आणि गल्लीवाले येऊन सांगतायत, शाबास. शाबास म्हणणाऱ्यांना काय उत्तर देऊ, तू सांग.”

“पोलीस काय म्हणतात?”

“तक्रार आलीय माझ्यावर. सोमवारी अकराला जबाब द्यायला बोलावलंय. तिथले मोठे बाबू भले आहेत. म्हणाले, ज्याने भाषांतर केलं त्याचं लेखी आणा, चूक झाली म्हणून, कागद बंद करतो. चॅनेल म्हणतं आमच्याकडे चूक झालेलीच नाही. मग काय, सोमवारनंतर वर्गाला कुलूप. चौकशी संपेपर्यंत.” त्यांनी कप पुढे केला. “आणि दुसऱ्याच एका चॅनेलचा एक जण येतो, दिलीप म्हणून. तो म्हणतो, माशीमा, तुम्ही कॅमेऱ्यासमोर फक्त रडा, बाकी आम्ही बघतो. ज्याने हे लिहिलं त्याचं नाव मिळालं तर त्याचा चेहरा आठच्या बातम्यांत लावू, रोज लावू, आठवडाभर. पहिल्यांनी माझा लावला, हे त्याचा लावणार. मी म्हटलं, बाबा, मला रडू येत नाही, चहा घे आणि जा.”

मंदाकिनीला चहाची चव लागत नव्हती. आभादींनी केसांतली पेन्सिल काढली आणि टेबलावरचा एक कागद तिच्यापुढे सरकवला. मालाच्या यादीची कोरी बाजू. वर त्यांचं बंगाली वाक्य, खाली थोडी जागा सोडून पट्टीवरचं हिंदी वाक्य. क्रियापदांखाली लाल रेघा.

“काल शुक्रवार होता ना,” त्या म्हणाल्या. “मुलं आली नाहीत, मग मी एकटीनेच तास घेतला. हे बघ. बंगालीत शिक्षा म्हणजे शिकवणं. हिंदीतही शिक्षा म्हणजे शिकवणंच. हिंदीवाल्याने सरळ बंगालीवरून घेतलं असतं तर त्याच्या हातून ही चूक होणं शक्य नाही. म्हणजे या दोन वाक्यांच्या मध्ये आणखी एक वाक्य आहे. आणखी कुठल्या तरी भाषेतलं. तिथे शिक्षा म्हणजे मार.”

दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेवर त्यांनी पेन्सिलीचं टोक ठेवलं.

“अशी भाषा मला एकच माहीत आहे. तीही तुझ्यामुळे.”

बाहेर मुलं सातचा पाढा मोठ्याने म्हणत लिहीत होती. मंदाकिनीने कप बशीत ठेवला तो वाजला.

“क्षितिज कसा आहे?” आभादींनी विचारलं. “सरस्वतीपूजेला इथेच पाटीवर त्याचा हात धरून पहिलं अक्षर मी गिरवून घेतलं होतं. हात असा घट्ट करून ठेवायचा, वळवू द्यायचा नाही.”

“बरा आहे.”

“त्याच ऑफिसात आहे अजून?”

“हो,” मंदाकिनी म्हणाली.

आभादींनी कागदाची घडी केली. “कुणी का असेना तो. त्याला माझ्याकडे पाठवून द्या म्हणावं. मी देते त्याला शिक्खा.”

आणि त्या हसल्या. ते हसणं कुठल्या भाषेतलं होतं, हे मंदाकिनीला कळलं नाही. बाहेर पडल्यावर तिच्या पाठीमागे कडी लागली आणि दोनदा हलली.

*

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने क्षितिजला स्वयंपाकघरातच गाठलं. त्याने भातात बोटं फिरवून ताट तसंच ठेवलं होतं.

“तुला कधी कळलं?”

काय, असं त्याने विचारलं नाही. “सहा वाजता. मुंबईच्या डेस्कवरून फोन आला होता.”

“बातमी आठला गेली.”

“हो.”

“मग सहाला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं, आई. साडेसहाला सांगितलं.”

“मधला अर्धा तास काय करत होतास?”

त्याने ताट उचलून नळाखाली ठेवलं. “ते म्हणाले, काय ओळ दिलीस फणसळकर, एकदम कडक मराठी. हीच पाहिजे होती, केव्हापासून शोधत होतो.” त्याचा आवाज खाली गेला. “आई, माझ्या मराठीला आजपर्यंत कुणी चांगली म्हटलं नव्हतं.”

‘चांगलं’, असं मंदाकिनीच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

“मग सांगितलं मी, की हे शिकवण्याबद्दल आहे. तर म्हणाले, बाई शिक्षा म्हणाली की नाही? आपण शिक्षाच लिहिलंय. यात दुरुस्त काय करायचं? मी म्हटलं, हिंदीत सजा चाललंय. म्हणाले, ते हिंदीवाल्यांना विचार. हिंदीवाले म्हणाले, आम्ही मराठीवरून घेतलं, मराठीवाल्यांना विचार. मग आठ वाजले.” त्याने डोळे पुसले. “ती आभादी आहे हे मला तुझ्याबरोबरच कळलं. शपथ.”

श्रीधर दारात येऊन उभा होता. तो कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही.

“हे बघ मंदा, याचं नाव बाहेर पडलं तर काय होईल ते तुला माहीत आहे. ते दुसरं चॅनेल टपून बसलंय. याचा फोटो, आपलं आडनाव, आपली इमारत. आभादींची गल्ली दाखवली तशी आपली दाखवतील. माझ्या ऑफिसात दोन्ही पक्षांची माणसं आहेत, मला तिथे रोज जायचंय. चार दिवस जाऊ देत. नवीन काहीतरी येईल, हे विसरतील.”

“चॅनेलवाले विसरतील. मोटारसायकलवाले?”

श्रीधर आत येऊन स्टुलावर बसला.

“आणि वर्गाला कुलूप लागल्यावर ती एकेचाळीस मुलं कुठे जातील?” तिने विचारलं. “आणि मारतील या भीतीने घरात बसलेली ती वस्तीतली?”

“आई,” क्षितिज हळूच म्हणाला, “मी माझ्या फोनमधून पुसलंय सगळं. ऑफिसच्या ग्रुपवरूनही ती ओळ गेलीय, कुणी काढली माहीत नाही. आता फक्त तुझ्याकडे असेल. तू... तू पण पुसून टाक ना.”

ती फोन घेऊन बाल्कनीत गेली. खाली शेजारच्या शाळेच्या मैदानात कुणाची तरी क्रिकेटची मॅच चालली होती. तिने गुरुवारचे निरोप काढले. सात ओळी. तिसरीवर बोट ठेवून धरलं, ओळ निळी झाली, वरती पुसण्याचं चिन्ह आलं. एवढं एक बोट टेकवलं की संपलं. मग भाषांतर कुणी केलं याला कुठे पुरावा नाही, तिचा मुलगा सुरक्षित, इमारत सुरक्षित, आडनाव सुरक्षित. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली तशी ती बाल्कनीच्या कठड्यापासून मागे सरकली, आणि सरकल्यावर तिला कळलं की खिदिरपूरची ती गल्ली आता आपल्या घरापर्यंत आलीच आहे. पुसलं तरी ती जाणार नाही. ह्यापुढे घंटी वाजली की आपणही आधी विचारणार, कोण? 

तिची नजर ओळीखालच्या आपल्याच उत्तरावर गेली. ‘देवू नाही, देऊ. बाकी छान.’

आभादींच्या मुलांसारखी मनातल्या मनात ती रेघ ओढू लागली. क्रियापद, देऊ. कुणी म्हटलं, ते दिलेलं नाही. कुणाला म्हटलं, ते दिलेलं नाही. पुढे काय म्हटलं, ते दिलेलं नाही. दहा वर्षांच्या पोरांनी हे वहीत लिहिलं असतं. तिने बी. ए.ची पदवी पणाला लावून ‘वू’चा ‘ऊ’ केला होता. मुंबईच्या डेस्कने त्यातलं काही बदललं नव्हतं. पट्टीवर जी ओळ हिंदीत जाऊन सजा झाली, ती आईने तपासलेली, शुद्ध ओळ होती.

तिने बोट काढलं. ओळ पुन्हा पांढरी झाली.

*

सोमवारी सकाळी साडेसहाला ती फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. सातला आभादींचा वर्ग उघडतो, निदान उघडायचा. अकराला जबाब. श्रीधर पेपर न उघडता समोर धरून बसला होता. क्षितिज अंघोळ न करताच येऊन उभा राहिला.

“माझं नाव सांगणार?”

“माझं सांगणार,” मंदाकिनी म्हणाली. “ओळ मी तपासली, मी पास केली, हे माझ्या फोनमध्ये तारीख-वेळेसकट आहे, ते घेऊन मी त्यांच्याबरोबर पोलिसांकडे जाते. ओळ कुणी पाठवली ते तिथे विचारतीलच. विचारल्यावर मी खोटं बोलणार नाही. त्याआधी तुला काय करायचंय ते तू ठरव. अकराला अजून वेळ आहे.”

“ते दुसरं चॅनेल...”

“लावतील,” ती म्हणाली. “चेहरा लावतील. मला कळत नाही का? रात्रभर तेच दिसत होतं मला.” तिने पाण्याचा घोट घेतला. “भीती वाटतेय रे. तुझ्यासाठी इतकी कधीच वाटली नव्हती. पण ती बाई दार लावून ‘के?’ म्हणून विचारायला लागलीय.”

श्रीधरने पेपर खाली ठेवला. “टॅक्सीने जा,” एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “मी येऊ का?” आणि उत्तराची वाट न बघता शर्ट शोधायला आत गेला.

तिने नंबर लावला. घंटी वाजू लागली. आभादींचा फोन आतल्या खोलीत खिडकीपाशी असतो, तिथवर यायला त्यांना पाच-सहा घंट्या लागतात. तीन झाल्या. चार. काय म्हणायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं, बंगालीत, सगळं पाठ करून. पाचव्या घंटीला त्यातला एकही शब्द तिला आठवेना. क्षितिज खुर्ची ओढून शेजारी बसला. तो बसला म्हणजे त्याचं काय ठरलं, हे तिला कळलं नाही, पण त्याने टेबलावर ठेवलेला हात घट्ट मिटलेला होता.

सातवी घंटी. सहाच्या वर कधीच जात नाही. तिने फोन कानाशी आणखी दाबून धरला.

आठवी.

मग तिकडे कुणीतरी फोन उचलला. श्वास ऐकू आला. मागे, लांबवर, पितळी घंटा हलल्यासारखी वाटली, की तो भास होता कोण जाणे.

“के?” आभादींनी विचारलं.

“मंदा,” ती म्हणाली. “आभादी, फोन ठेवू नका. त्या कागदावर तुम्ही मधे जी जागा सोडलीय, तिथली ओळ माझ्याकडे आहे.”